आपल्या माणसाशी मनाच्या आजाराचा विषय कसा काढलात?

निवृत्त झाल्यावर बाबांनी हळूहळू पेपर उघडणंच सोडलं. आईचं एकच पालुपद, "जरा बाहेर पडा, बरं वाटेल." मीही तेच म्हणायचे. एकदा मटार सोलता सोलता, त्यांच्याकडे न बघता विचारलं, "बाबा, झोप लागते का हो?" मनाचं नाव काढलं असतं तर उठून गेले असते. झोपेवर मात्र बोलले. पहाटे तीनला जाग येते, मग पंख्याकडे बघत पडून राहतो म्हणाले. तिथून डॉक्टरांपर्यंत पोचायला दोन महिने गेले.
तुमचे अनुभव लिहा. फसलेले तर नक्की लिहा.

▪ धाकटा भाऊ लातूरला नीटची तयारी करत होता, दुसऱ्यांदा. मी रोज रात्री फोन करून टेस्टचे मार्क विचारायचो. (हेच प्रेम वाटायचं मला!) एकदा म्हणाला, "दादा, सगळं संपवावंसं वाटतं." माझ्या तोंडून गेलं, "वेडा आहेस का?" त्याने फोन कट केला.
दहा मिनिटांनी पुन्हा लावला. "चुकलं माझं. खरं सांग, जीव द्यायचे विचार येतात का?" असं थेट विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल अशी भीती होती. तसं काही होत नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग "हो" म्हणाला आणि रडत रडत तासभर बोलला. रूममेटला त्याच्याजवळ बसायला सांगून मी नांदेडहून मिळेल त्या एसटीने निघालो. वाटेत १४४१६ लावला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा. फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी काय बोलू नये ते तिथल्या बाईंनी आधी सांगितलं. मार्कांचा विषय त्यात पहिला.

▪ माझा फसलेला. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. नवऱ्याने दहाव्या दिवशी "सवय लागेल" म्हणून गोळ्या बंद केल्या. मी चिडून जाऊबाईंसमोर बोलले. आता तो माझ्याशी या विषयावर बोलत नाही, त्याच्या मित्राशी बोलतो. मित्रच दवाखान्यात घेऊन जातो. जाऊ दे, जातोय ना.

▪ ताई, बाबा आता पेपर वाचतात का?

▪ शब्दकोडं सोडवतात. अग्रलेखावर अजून चिडत नाहीत.