अनुभव धागा: मोठी परसबाग, थोडा खर्च आणि मराठवाड्याचा उन्हाळा

अंबाजोगाई (धाग्याची सुरुवात)

घरामागची दोन गुंठे जागा गेल्या वर्षी आम्ही माळव्यासाठी, म्हणजे भाजीपाल्यासाठी, मोकळी केली. उत्साहाच्या भरात ती सगळी एकदम नांगरून घेतली, अर्धवट कुजलेले शेणखत दोन ट्रॉल्या टाकले आणि जूनमध्ये जागा दिसेल तिथे बी पेरले. पावसाळा चांगला गेला. शेपू, अंबाडी, गवार आणि दोडका इतका आला की आळीत वाटावा लागला. मात्र त्या कच्च्या शेणातून हुमणी (मुळे खाणारी अळी) आली आणि सप्टेंबरमध्ये मिरचीची हिरवीगार रोपे एकेक करून माना टाकू लागली. उपटून पाहावे तर मुळे कुरतडलेली. फेब्रुवारीनंतर विंधन विहिरीचे पाणी खाली गेले, काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि एप्रिलअखेर दोन गुंठ्यांपैकी जेमतेम पाच वाफे हिरवे राहिले.

जमीन बरी असूनही आराखडा नसल्यामुळे आणि माती उघडी ठेवल्यामुळे हे झाले, असे माझे मत झाले आहे. म्हणून आपल्या आठ जिल्ह्यांत ज्यांनी मोठी परसबाग कमी खर्चात उभी केली आहे, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. किती जागा लावायची हे कशावरून ठरवता, आच्छादनासाठी, म्हणजे माती झाकण्यासाठी, काय वापरता, ते कोठून मिळते आणि त्याला किती पैसे पडतात, हे मला समजून घ्यायचे आहे. आच्छादनामुळे नुकसान झाले असेल तर तेही अवश्य लिहावे.

लातूर

ताई, आमच्याकडे आराखड्याची सुरुवात पाण्यापासून होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा आमच्या घरात प्रत्येक बादलीचा हिशेब लिहिला जात असे. टंचाई सरली तरी ती सवय आम्ही मोडू दिली नाही.

आमच्या पाच माणसांच्या घरात अंघोळीचे आणि भाज्या-धान्य धुतल्याचे मिळून रोज सुमारे दीडशे लिटर पाणी बागेला देता येते. कपड्यांचे साबणाचे पाणी पालेभाज्यांना देत नाही. ते केळी आणि पपईच्या आळ्यांत सोडतो. भर उन्हाळ्यात एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला सहा ते आठ लिटर पाणी लागते, असे आम्ही मोजून पाहिले आहे. त्या हिशेबाने दीडशे लिटरमध्ये वीस-एकवीस चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वादोनशे चौरस फूट एवढेच क्षेत्र जगते. हा आकडा कागदावर मांडल्यावर मला प्रथम वाईट वाटले होते. पुढे मात्र त्याच आकड्याने बाग वाचवली, कारण आम्ही वर्षाचे तीन भाग केले: पावसाळ्यात सगळी जागा, रब्बीत निम्मी आणि उन्हाळ्यात फक्त घराच्या पूर्वेकडचे वाफे, जिथे दुपारनंतर भिंतीची सावली येते.

ज्या वाफ्यांना एखाद्या हंगामात विश्रांती द्यायची असते, त्यांत मृगाच्या पावसावर ताग पेरतो. तो साधारण पंचेचाळीस दिवसांनी, फुले धरू लागताच विळ्याने कापतो आणि जागच्या जागी पसरतो. त्याने मातीला खत आणि आच्छादन दोन्ही मिळते, आणि खर्च फक्त बियांचा होतो. फुले येऊन गेल्यावर कापल्यास त्याच्या काड्या लाकडासारख्या होतात आणि लवकर कुजत नाहीत, म्हणून तो दिवस चुकवू नये.

छताच्या पाण्याचाही विचार करावा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस फुटांच्या छतावर वीस मिलिमीटरची एक सर आली, तर अठराशे लिटरांहून अधिक पाणी उतरते. आम्ही ते जुन्या सिमेंटच्या हौदात घेतो आणि ऑगस्टमधल्या उघडिपीत वापरतो.

परभणी

मी आखणी आणि भुसकट या दोनच गोष्टींबद्दल लिहितो, कारण त्यांचा अनुभव सात वर्षांचा आहे.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन, १०८९ चौरस फुटांचा. त्यात चार फूट रुंदीचे सहा वाफे आणि दीड फुटाच्या सहा वाटा नेमक्या बसतात. चार फुटांपेक्षा रुंद वाफा करू नये, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की आपली चिकण काळी माती दगडासारखी आवळते आणि मग कितीही खत घातले तरी मुळे खाली जात नाहीत. हे वाफे आम्ही एकदाच आखले. तेव्हापासून त्यांच्यावर कोणीही पाय ठेवलेला नाही आणि आता कुदळही लागत नाही. वाफे वाटेपेक्षा सहा इंच उंच आहेत. पावसाळ्यात आपल्या जमिनीत पाणी साचते, त्यावर एवढी उंची पुरते.

दोन्ही टोकांना दीड-दीड फूट सोडून प्रत्येक वाफा तीस फूट लांब धरला, तर लागवडीचे क्षेत्र ७२० चौरस फूट होते. त्यावर तीन इंच जाडीचे आच्छादन करायचे तर १८० घनफूट माल लागतो, म्हणजे क्विंटलभर धान्य मावणारी पस्तीस-चाळीस पोती. विकत घ्यायचे म्हटले तर हे परवडणारे नाही. परंतु ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी होते, तेव्हा यंत्राच्या तोंडाशी भुसकटाचे ढीग पडतात. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत त्यांना ते नकोच असते आणि कित्येक ठिकाणी ते पेटवून देतात. आपण आधी जाऊन शब्द टाकावा, आपली पोती न्यावीत आणि आपणच भरावीत. मला केवळ टेम्पोचे भाडे पडते. ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत त्यांच्याकडे मात्र मी मागत नाही. तो त्यांचा चारा आहे.

भुसकट मातीवर पसरावे, मातीत मिसळू नये. पहिल्या वर्षी मी गव्हाचे काड कुदळीने मातीत मिसळले आणि पालक महिनाभर पिवळा राहिला. काड कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पिकाला ते मिळत नाही, हे मला नंतर कळले. वर पसरलेल्या थरात असे घडत नाही, कारण तेथे काड फक्त खालच्या बाजूने हळूहळू कुजते. वाफ्याला आधी भरपूर पाणी द्यावे आणि मगच आच्छादन करावे. कोरड्या मातीवर थर दिला तर हलक्या पाण्याचा ओलावा त्या थरातच अडकतो. मेथी-कोथिंबिरीसारख्या बारीक बियांच्या ओळी उघड्या ठेवाव्यात आणि रोपे चार बोटे उंच झाल्यावर ओळींच्या मधली जागा झाकावी. टोमॅटो-वांग्याच्या खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी.

बियाण्याबद्दल एक गोष्ट राहिली. येथील कृषी विद्यापीठाने काढलेला भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा सरळ वाण मी लावतो. पिवळ्या शिरांच्या रोगाला तोंड देण्यासाठी तो तयार केला होता. आता तो पूर्वीइतका निर्धास्त राहिलेला नाही, तरी घरचे बी धरता येते हा त्याचा मोठा गुण आहे. संकरित वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते.

वसमत, जिल्हा हिंगोली

आमच्या भागात हळदीचे पीक मोठे आहे. काढणीच्या आधी हळदीचा वाळलेला पाला कापतात आणि तो बहुतेक वेळा बांधावर पडून राहतो. जानेवारी ते मार्च हा त्याचा काळ असतो, म्हणजे नेमकी उन्हाळी आच्छादनाची वेळ. पाने लांब असल्यामुळे ती वाऱ्याने उडत नाहीत. आडवी-उभी दोन थरांत अंथरली की चटईसारखी बसतात. गेल्या उन्हाळ्यात मी दिवसाआड पाणी देऊन वांगी जगवली, तीही शेजारच्या उघड्या वाफ्यापेक्षा टवटवीत. करपा रोग पडलेला पाला मात्र मी घेत नाही. आमच्या परसात हळदीची चार आळी आहेत आणि रोग तेथे नेण्याची माझी इच्छा नाही.

धाराशिव

आच्छादनाने झालेले नुकसान मी लिहिते, कारण ते लिहिणे गरजेचे आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्याकडे आणि लातूर-बीड भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, हे अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी माझ्या परसात उसाच्या पाचटाचा वीतभर जाड थर होता. दिवसा त्या थराखाली ओल आणि काळोख मिळत असे आणि रात्री सगळ्या गोगलगायी वर येत. आठ दिवसांत काकडी, चवळी आणि फुलकोबीची रोपे नाहीशी झाली. मी हताश होऊन सगळे पाचट काढले, ते बांधाजवळ रचले आणि तेथेच चूक केली. तो ढीग त्यांचे घर झाला.

पुढच्या वर्षीपासून पद्धत बदलली. जूनच्या सुरुवातीला थर काढून खताच्या खड्ड्यात टाकते आणि पाऊस स्थिर होईपर्यंत माती उघडी ठेवते. संध्याकाळी गोणपाटाचे ओले तुकडे वाफ्यांच्या कडेला अंथरते. पहाटे ते उलटले की खाली गोगलगायी चिकटलेल्या असतात. त्या हातमोजे घालून वेचते आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकते. ते पाणी बागेपासून दूर फेकते. पहिल्या आठवड्यात बादलीचा तळ झाकला जात असे, पुढे रोज दहा-बारा मिळत. रोपे गुडघ्याएवढी झाल्यावर, श्रावणाच्या उत्तरार्धात, दोन इंचांचा पातळ थर पुन्हा देते. त्यामुळे वर परभणीहून सांगितलेला तीन इंचांचा थर पावसाळ्यातही द्यावा, हे मला आमच्या भागासाठी मान्य नाही.

नांदेड

भावाच्या टरबुजाच्या शेतातून उरलेला २५ मायक्रॉनचा मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायचा पातळ प्लास्टिकचा पट्टा, फुकट मिळाला म्हणून मी वापरला. पहिले चार महिने तण नाही, पाणी कमी, सगळे छान. मात्र लव्हाळ्याची टोके पेपर फोडून वर आली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तो हाताला लागताच फाटू लागला. त्याचे तुकडे मी अजून मातीतून वेचत आहे. शेतात एका हंगामानंतर तो गुंडाळून काढतात. परसबागेत आपण दोन पिके मागेपुढे घेतो, त्यामुळे तो वेळेवर निघत नाही. फुकट असला तरी घेऊ नये, असे मी कळकळीने सांगेन. आता अर्धापूरकडून केळीची वाळलेली पाने आणतो.

जालना

कापसाच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडे) आच्छादनाला चालतील का, असे आमच्याकडे अनेक जण विचारतात. अख्ख्या पऱ्हाट्या आणू नयेत. त्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते आणि ठिपक्यांची बोंडअळी तर भेंडीचेही शेंडे आणि फळे पोखरते. शिवाय वाळवी लाकडाकडे येतेच. मी तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) वापरते, त्याही वेलांच्या मांडवासाठी. टोके डांबरात बुडवून रोवली की दोन हंगाम टिकतात. वाळवीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये गळणारा कडुनिंबाचा पाला इतर आच्छादनात मिसळते आणि थर पूर्ण कोरडा पडू देत नाही. कोरड्या थरातच वाळवीचा त्रास अधिक दिसला.

अंबाजोगाई

सर्वांचे मनापासून आभार. लातूरच्या पद्धतीने मी आठ दिवस पाणी मोजले: रोज एकशे दहा लिटर. त्यानुसार यंदा पावसाळ्यात एकच गुंठा परभणीच्या आखणीने लावीन, भर उन्हाळ्यात त्यातला एखादाच वाफा ठेवीन आणि दुसऱ्या गुंठ्यात ताग पेरीन. शेणखत उन्हाळाभर खड्ड्यात कुजवत ठेवले आहे. सोयाबीनच्या भुसकटासाठी दोन शेतकऱ्यांकडे आत्ताच बोलून ठेवले. गोगलगायींसाठी गोणपाटही जमवले.

एक विनंती राहिली. लहानपणी आमच्या ज्वारीत वाळकाचे (काकडीसारख्या फळाचे) वेल असत, पिवळी पडलेली वाळके सगळे घर वासाने भरून टाकत. ते बी आता आमच्या बाजारात मिळत नाही. कोणाकडे असल्यास कळवावे. टपालखर्च मी पाठवीन.

परभणी

ताई, माझ्याकडे राखेत ठेवलेले वाळकाचे बी आहे, मागच्या हंगामातले. ओंजळभर पाठवतो, खर्च पाठवू नये. पेरण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून उगवण तपासावी, आणि दोन पिकली वाळके बियांसाठी वेलावरच राखावीत.