आमदारांच्या विकी पानावर केसेस लिहायच्या की नाही?

गस्तवाला_मिरजकर

मंडळी एक सल्ला हवाय. मराठी विकीवर आमच्याकडच्या एका आमदारांचं पान आहे, नाव घेत नाही नाहीतर इथेही तेच सुरू होईल. निवडणूक जवळ आली की कुठलातरी अंकपत्ता (खातं न उघडता नुसत्या आयपीवरून लिहिणारा) येतो आणि 'कार्यसम्राट', 'गोरगरिबांचे कैवारी' वगैरे लिहून खाली गटारं आणि सभामंडपांची यादी चिकटवतो. मग दुसरा कोणीतरी येऊन ते सगळं उडवतो आणि 'गुन्हेगारी पार्श्वभूमी' असा ठळक विभाग टाकतो, '१७ गुन्हे दाखल', संदर्भ काय तर निवडणूक आयोगाकडचं प्रतिज्ञापत्र. मी दोघांचेही बदल उलटवतो (पान आधीसारखं करतो) तर दोघांकडून शिव्या, एकाला वाटतं मी विरोधकांचा, दुसऱ्याला वाटतं साहेबांचा. चर्चा पानावर एकाने सुचवलंय की थोडं कौतुक ठेवा थोड्या केसेस ठेवा, झालं तटस्थ. मला ते पटत नाहीये पण नक्की का ते सांगताही येत नाहीये. आणि प्रतिज्ञापत्र तर त्यांनी स्वतः सही करून दिलेलं असतं ना, मग त्याहून पक्का संदर्भ कुठला?

कोर्टातली_ताई

दादा त्या १७ मधली कलमं वाचलीत का आधी? आपल्याकडे कुठल्याही पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्याचं प्रतिज्ञापत्र उघडा, निम्म्याहून जास्त आंदोलनाच्या केसेस निघतात. भादंवि १४३, १८८, ३४१, पोलीस अधिनियमाचं ३७ आणि १३५, म्हणजे जमावबंदी मोडली, रास्ता रोको केला. दुधाच्या दरासाठी रस्त्यावर बसलेला आणि पतसंस्थेचे पैसे खाल्ल्याचा आरोप असलेला, दोघंही '१७ गुन्हे' या आकड्यात एकसारखेच दिसतात. नुसता आकडा लिहिणं म्हणजे खोटं न बोलता बदनामी.

दुसरं म्हणजे प्रतिज्ञापत्र हे त्या दिवसापुरतं असतं. त्यात प्रलंबित केसेस आणि झालेल्या शिक्षा येतात, फॉर्म भरल्यानंतर सहा महिन्यांनी निर्दोष सुटले तर ते त्यात कुठून येणार? पान मात्र पुढची पाच वर्षं तेच सांगत बसतं.

आणि एफआयआर, अटक, आरोपपत्र, आरोप निश्चिती, निकाल, मग अपील, या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, विकीवर सगळ्यांचं मिळून 'गुन्हेगार' होतं. पोलीस कधी कधी बी समरी करतात, म्हणजे तक्रारच खोटी होती असं कोर्टाला कळवतात. एफआयआरची बातमी पहिल्या पानावर असते, बी समरीची शोधूनही सापडत नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचं बघा ना. १९९४ मध्ये अटक, इस्रोतला हेर म्हणून देशभर मथळे. १९९६ मध्ये सीबीआयनेच सांगितलं की केसमध्ये दम नाही, १९९८ ला सुप्रीम कोर्टात प्रकरण संपलं, आणि ५० लाख भरपाईचा आदेश यायला २०१८ उजाडलं. ९५ साली विकी असता तर त्यांचं पान कसं दिसलं असतं, आणि संदर्भ सगळे मोठ्या पेपरांचेच असते बरं का.

जुनी_चावडी

ताईंनी बरंचसं सांगितलंय, मी विकीच्या बाजूने सांगतो. हयात व्यक्तींबद्दलचं इंग्रजी विकीचं धोरण स्पष्ट आहे, कोर्टाची कागदपत्रं आणि असले सरकारी रेकॉर्ड थेट लावून माणसावर विधान करायचं नाही. हे प्राथमिक साधन झालं, म्हणजे कोणी पडताळून न लिहिलेला मूळ कागद, त्यातलं काय महत्त्वाचं हे तुम्ही ठरवायला लागलात की ते तुमचं मूळ संशोधन, आणि ते विकीवर चालत नाही. कुठल्यातरी चांगल्या पेपराने त्यातली एखादी केस उचलून तिच्यावर नीट लिहिलं असेल तर तो संदर्भ घ्या आणि प्रतिज्ञापत्र फार तर त्याच्या जोडीला.

हे धोरण आलं कुठून तेही सांगतो. २००५ मध्ये जॉन सीगेनथेलर नावाच्या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कोणीतरी लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्येत यांच्यावर संशय होता. आता हा माणूस रॉबर्ट केनेडींसोबत काम केलेला. चार महिन्यांहून जास्त ते तसंच पडून होतं, शेवटी त्यांनीच पेपरात लेख लिहिला तेव्हा बोंब झाली. तेव्हापासून नियम असा की हयात माणसाबद्दलचं वादग्रस्त विधान बिनसंदर्भाचं किंवा फुसक्या संदर्भाचं दिसलं तर 'संदर्भ हवा' चा साचा (तयार सूचना) लावत बसायचं नाही, आधी काढायचं मग चर्चा. आणि नुसतं मन दुखण्यापुरतं नाहीये हे, २००७ मध्ये तानेर अक्चाम या तुर्की इतिहासकारांना मॉन्ट्रियल विमानतळावर काही तास अडकवून ठेवलं, कारण त्यांच्या पानावर कोणीतरी दहशतवादी लिहून ठेवलं होतं आणि अधिकाऱ्याच्या हातात त्याच पानाची प्रिंट.

मराठी विकीवर गस्तीला, म्हणजे नवे बदल तपासायला, माणसं किती ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे आपल्याकडे असली वाक्यं जास्तच टिकतात.

कौतुकालाही हीच चाळणी लावा. वाढदिवसाची पुरवणी हा संदर्भ नाही! पान एकला फोटो, पान दोनला 'विकासपुरुष', खाली शुभेच्छुकांच्या जाहिराती. सभामंडपांची यादी पण उडवा बिनधास्त.

खरं_बोलू_का

हे सगळं ऐकायला छान आहे पण यात फावतं कोणाचं? तालुक्याच्या पेपराला वर्षभर जाहिरात देतो कोण, साहेबच ना. २००९ च्या निवडणुकीनंतर पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलला समिती नेमावी लागली होती, विसरलात का. जिथे पेपर विरोधात छापतच नाहीत तिथे तुम्ही 'पेपरात आलं तरच लिहा' म्हणता म्हणजे साहेबांचं पान कायमचं स्वच्छ. २००२ साली सुप्रीम कोर्टाने मतदारांना कळावं म्हणूनच ही माहिती द्यायला लावली, आणि विकी ती लपवणार. वा.

जुनी_चावडी

@खरं_बोलू_का तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, या धोरणाची ती खरी अडचण आहेच. पण धोरण लपवा म्हणत नाही. सार्वजनिक व्यक्ती असेल आणि आरोपाबद्दल अनेक स्वतंत्र, विश्वासार्ह ठिकाणी आलं असेल तर ते लिहायचंच, त्या माणसाला कितीही झोंबलं तरी. त्याने इन्कार केला असेल तर तोही लिहायचा. तालुक्याचा पेपर छापत नसेल तर मुंबई-पुण्याची पेपरं बघा, इंग्रजी बघा, विधानसभेत विषय निघाला असेल तर त्याच्या बातम्या बघा. कुठेच काही नसेल तर ते शोधून काढणं पत्रकाराचं काम आहे, विकी संपादकाचं नाही. मतदाराला प्रतिज्ञापत्र बघायचंय तर ते आयोगाच्या साइटवर कोणालाही उघडता येतं.

आणि यूट्यूब चॅनलवाले 'निर्भीड' असतात ते मान्य, तरी संदर्भ म्हणून नको.

नावात_काय

मला वेगळीच भीती आहे. उद्या साहेबांनी आपल्यावरच केस टाकली तर? एएनआय या वृत्तसंस्थेने विकी चालवणाऱ्या विकीमीडियावर दोन कोटींचा बदनामीचा दावा लावला तेव्हा दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये संपादकांची माहिती द्या असंही सांगितलं होतं की. आणि संभाजी महाराजांच्या लेखावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी संपादकांवर गुन्हा नोंदवला ते आपण २०२५ मध्ये पाहिलंच, तिथे तर हयात व्यक्तीचा प्रश्नही नव्हता.

कोर्टातली_ताई

@नावात_काय दिल्लीच्या केसमध्ये पुढे तडजोड अशी झाली की संपादकांची ओळख उघड न करता विकीमीडियाने त्यांना समन्स पोचवायचं. पण भीती अगदीच खोटी नाही, बदनामी हा आपल्याकडे अजूनही फौजदारी गुन्हा आहे, आधी भादंवि कलम ५००, आता न्याय संहितेत ३५६. म्हणून तर म्हणते वाक्य मोजून लिहा. आरोप कोणी केला, कुठल्या पायरीवर आहे आणि कोणत्या तारखेपर्यंतची माहिती, ही तीन उत्तरं वाक्यातच असली की तुमचं स्वतःचं मत त्यात काही उरत नाही.

गस्तवाला_मिरजकर

आभार सगळ्यांचे. शोधल्यावर एकच प्रकरण असं निघालं ज्यावर तीन मोठ्या पेपरांनी लिहिलंय, सहकारी बँकेच्या कर्जाचं. बाकीच्या १६ चा आकडा काढतोय आणि वेगळा विभागही काढतोय, हे 'राजकीय कारकीर्द' मध्येच त्या त्या वर्षी येईल. मसुदा असा:

'बँकेच्या कर्जवाटप घोटाळ्यात त्यांचा हात असल्याने पोलिसांनी २०२१ मध्ये गुन्हा दाखल केला. त्यांनी मात्र आरोप फेटाळून लावला.'

चालेल का?

कोर्टातली_ताई

नाही हो, 'हात असल्याने' म्हणजे निकाल तुम्हीच दिलात. 'घोटाळ्यात' पण काढा. 'मात्र' आणि 'फेटाळून लावला' मुळे ते खोटं बोलतायत असं वाटतं. असं करा:

'बँकेच्या कर्जवाटपात गैरव्यवहार झाल्याच्या तक्रारीवरून २०२१ मध्ये पोलिसांनी त्यांच्यासह संचालकांवर गुन्हा नोंदवला. आपला या कर्जांशी संबंध नसल्याचे त्यांनी सांगितले.'

संचालक सगळे होते ना त्यात? बातमीत बघून घ्या. आणि आरोपपत्र गेलंय का, गेलं असेल तर कधी, ते कळल्याशिवाय हे पानावर टाकू नका.