वाशांच्या टोकांना बुरशी: मोरचूद, हेक्साकोनॅझोल की आणखी काही?

वाडीकर_गुहागर
नमस्कार मंडळी. आजोळच्या कौलारू घराबद्दल विचारायचंय. यंदा गणपतीत पडवीत उभा असताना पागोळीकडच्या एका वाशाचं टोक खाली झुकलेलं दिसलं. स्टुलावर चढून पेचकस टोचला, तर मुठीपर्यंत आत गेला. आतलं लाकूड काळपट तपकिरी, खोबऱ्याच्या वडीसारखे चौकोनी तुकडे पडलेलं. बोटांत चुरलं की पूड. वाळवी नाही, मातीचा एकही बोळ सापडला नाही. १७ पैकी ५ वासे असे निघाले, पाचही आंब्याचे, मामांनी मागून बदललेले. ऐनाचे जुने वासे ठणठणीत आहेत. दोन वर्षांपूर्वी वळवाचा पाऊस पडून गेल्यावर रंगाऱ्याने ओल्या लाकडावरच ऑइलपेंट मारला होता, तेही सांगून ठेवतो.

घरात सुपारीच्या कोळेरोगासाठी आणलेलं मोरचूद नि चुना आहे, आंब्याच्या भुरीसाठी आणलेलं हेक्साकोनॅझोल आहे. यातलं काही पाण्यात कालवून वाशांना मारलं तर चालेल का? थिनर-रॉकेलवालं औषध नको. आजी पडवीतच झोपते, त्या वासाने तिला दम लागतो. पाण्यातलंच हवं.

सुतारदादा
आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात, होड्यांनाही तेच. पण ओल्या लाकडावर लावू नका, आणि हाताला लागलं तर कातडी सोलवटते. सडलेलं आधी कापा. त्यावर काहीही फासलंत तरी ते लाकूड परत येणार नाही.

जुना_लॅबवाला
वाडीकर, लाकडाच्या औषधांच्या चाचण्या करण्यात माझी २२ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही वर्णन केलंत ती तपकिरी कूज. ही बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाते आणि तपकिरी लिग्निन मागे ठेवते, म्हणून ते चौकोनी तडकतं. लाकडात २० टक्क्यांहून कमी पाणी असेल तर ती वाढत नाही. तुमच्या रंगाने ओल आत कोंडली आणि वाशाचं कापलेलं टोक पागोळीचं पाणी पीत राहिलं.

आता मोरचूद. तांबं बुरशी मारतं, हे खरं. पण पाण्यातल्या औषधाची सगळी गोम एकच: जे पाण्याबरोबर आत जातं, ते पाण्याबरोबर बाहेरही येतं. नुसतं मोरचूद दोन पावसाळ्यांत धुऊन जाईल. चुना घालून बोर्डो केलंत तर तांबं विरघळत नाही, पण मग आतही शिरत नाही, वरच निळा थर धरतो. याच कोड्यावर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्टी कामेसन यांनी १९३३ साली उत्तर काढलं: तांबं, आर्सेनिक आणि सोबत क्रोमियम. क्रोमियम लाकडाशी बांधलं जातं आणि बाकीच्या दोघांनाही धरून ठेवतं. ते औषध जगभर गेलं. आपल्या माणसाचं हे काम आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं. पुढे आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडासाठी ते बंद झालं. आर्सेनिकच्या जागी बोरॉन घातलेलं मिश्रणही आहे, पण ते दाबाच्या टाकीत भरायचं काम. त्यातलं कच्चं क्रोमियम कर्करोगाला कारण होतं, घरी हात लावू नका.

हेक्साकोनॅझोल अ‍ॅझोल कुळातलं. त्याच कुळातली प्रोपिकोनॅझोल आणि टेब्युकोनॅझोल लाकडासाठी वापरतात. पण अ‍ॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यांचं दुधासारखं मिश्रण करावं लागतं, आणि ते लाकडात खोल नेणं हेच अवघड काम. बागेचं औषध पानावर काही आठवडे टिकावं म्हणून बनवलेलं असतं. आम्ही लाकडाचे ठोकळे आधी दोन आठवडे पाण्यात ठेवायचो, पाणी बदलत राहायचो, मग बुरशीच्या स्वाधीन करायचो आणि शेवटी वजन किती घटलं ते बघायचो. कोरडे ठोकळे उत्तम निकाल द्यायचे, धुतलेले नापास व्हायचे. असे ठोकळे हातात घेऊन मी अनेकदा हळहळलो आहे. आजीच्या डोक्यावर फवारणीचं औषध नको.

तुमच्यासाठी बोरॉन. बोरिक पावडर आणि सवागी, म्हणजे सोनारांकडचा टाकणखार, १ ला १.५ या प्रमाणात. ९ लिटर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम बोरिक, ६०० ग्रॅम सवागी. दोन्ही एकत्र घातले की एकट्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतात. रंग खरवडा, लाकूड चांगलं सुकवा, मग कापलेल्या टोकांना तीन-चार हात द्या, टोकं सगळ्यात जास्त पितात. नवे वासे ओले असतानाच मिळाले तर अधिक चांगलं: द्रावणात बुडवा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन-चार आठवडे ठेवा. ओलीतून बोरॉन आपोआप आत सरकतं. वास अजिबात नाही. हातमोजे घाला, भांडं पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका.

वाडीकर_गुहागर
काका, फार आभार. पण बोरॉनही पाण्यात विरघळतं, मग तेही धुऊन जाणार ना? आणि फाटकाचा खांब जमिनीत पुरलाय, तोही याच द्रावणाने करू का?

जुना_लॅबवाला
नेमकं विचारलंत. उघड्यावर धुऊन जातं, म्हणून ते फक्त छपराखाली. वरून सुतारदादांचं तेल किंवा रंग, तोही लाकूड सुकल्यावर. आणि शेवटची कौलं वीतभर पुढे न्या, म्हणजे टोकावर पाणी येणारच नाही. खांबाला बोरॉन नको. तो दाबाखाली औषध भरलेला घ्या, नाहीतर जांभ्याचा पाया बांधून लाकूड जमिनीपासून वर उचला.

वाडीकर_गुहागर
पाचही टोकं काल कापली, दीड फूट मागे लाकूड घट्ट लागलं. बोरिक मिळालं, सवागी उद्या चिपळूणहून आणतो. खांबाखाली जांभाच घालतोय. आजी विचारत होती, वास येणार नाही ना? तिला तुमचं उत्तर वाचून दाखवलं.