दुसऱ्याच दिवशी डब्याची चिठ्ठी कशाला?

रानजाई: वहिनी नॉर्मल बाळंत झाली, बाळ तीन किलोचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइलीत दूधपावडरीचं नाव लिहिलेली चिठ्ठी. का, तर "अजून दूध उतरलं नाही." अहो, दुसऱ्या दिवशी चीकच येणार! चमचाभर येतो, बाळाला तेवढा पुरतो. वरच्या दुधाने पोट भरलं की ते ओढत नाही, मग दूध खरंच आटतं आणि सगळे म्हणतात, हिला दूधच नाही. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या पावडरीची जाहिरात, फुकट डबे, डब्यावर बाळाचा फोटो, सगळ्याला बंदी. मग ही चिठ्ठी म्हणजे जाहिरात नाही तर काय?

सांजवात: माझं सिझेरियन. बाळ १९०० ग्रॅमचं, ओढायची ताकदच नाही. साखर उतरली तेव्हा त्याच डब्याने सावरलं. पण भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "अंगावर पाजत नाहीस?" पाणी किती, पावडर किती, हे विचारायचीही मला चोरी वाटायची. हे वातावरण तुमच्यासारख्या लेखांनीच तयार होतं.

रानजाई: तुझ्या बाळाला गरज होती, कायदा विक्री बंद करतच नाही. पण अशा बाळांसाठी मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी सोय. तशा पेढ्या गावोगाव का नाहीत? १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत अशा पावडरींच्या जाहिरात-विक्रीला आवर घालणारी जागतिक संहिता आली, तेव्हा तिच्या विरोधात एकट्या अमेरिकेने मत दिलं होतं. या धंद्याचं वजन त्यावरून कळतं.

माणदेशी: सगळं खापर कंपन्यांवर नको. आमच्याकडे डबा माहीत नव्हता तेव्हाही चीक पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली, पण तासाभरात अंगावर घेतलेली मुलं ४१.८ टक्केच. तो तास कुठे जातो?

अबोली: मी वॉर्डात नर्स आहे. रात्री तीस बाळंतिणींना आम्ही दोघी. बाळ नुसतं बोंडाला लागलं तर आईला चिरा पडतात, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. हे एकीला शिकवायला अर्धा तास लागतो, डबा दोन मिनिटांत कालवून होतो. तीच बाई पुढे बांधकामावर जाते, टँकरचं पाणी वापरते, डबा पुरावा म्हणून चार मापांऐवजी दोन टाकते. बाळ सुकून, जुलाब घेऊन परत येतं. अशी बाळं मी हातात घेतली आहेत.

सांजवात: अबोलीताई, माझ्याजवळ तसं कुणी अर्धा तास बसलं असतं तर कदाचित जमलंही असतं. तरी डब्याबद्दलचं माझं मत तेच. लिहून देणार असाल तर कसा कालवायचा तेही जवळ बसून सांगा.