विकर की एन्झाइम? कर्कपेशींतलं विकर 'बिघडलेलं' म्हणावं का?

चर्चाप्रस्ताव

कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. एन्झाइमला (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला) मी शाळेत शिकलेला 'विकर' हा शब्द वापरला. खर्डा एका रुग्णाच्या मुलीला वाचायला दिला, तर 'रक्तातील विकर वाढले आहे' हे तिने 'विकार वाढला आहे' असं वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. वाक्य होतं लॅक्टेट डीहायड्रोजनेज (एलडीएच) या विकराच्या रक्ततपासणीबद्दल. तेव्हापासून हा शब्द मला टोचतोय. ठेवू की काढू? शिवाय मी सगळीकडे 'निरोगी पेशीतील विकरे' आणि 'कर्कपेशीतील बिघडलेली विकरे' अशी जोडी लावली आहे. ती योग्य आहे का?

प्रतिसाद १

विकर आणि विकार, दोन्ही 'वि + कृ' मधूनच आलेले. विकार म्हणजे मुळात बदल. रोग हा त्याचा रूढ झालेला अर्थ. विकर पदार्थात बदल घडवून आणतं, म्हणून शब्द अर्थाला चपखल आहे. पण घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या कागदावर एका कान्याचा भरवसा धरू नये. तिथे 'एन्झाइम' लिहा. पाठ्यपुस्तकात 'विकर' खुशाल राहू दे.

प्रतिसाद २

जुन्या लेखनात एन्झाइमसाठी 'वितंचक' सापडतो. संस्कृतात आतंचन म्हणजे दूध विरजणं. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्यूने यांनी १८७७ च्या सुमारास 'एन्झाइम' हा शब्द घडवला तोही 'खमिरात' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. कल्पना किती जवळची! वाचकाला मात्र 'वितंचक' आज परका वाटेल. आणि 'संप्रेरक' चुकूनही नको, ते हार्मोन.

प्रतिसाद ३

माझ्या मते खरी अडचण 'बिघडलेली' या विशेषणात आहे.

जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात पाहिलं की अर्बुदाच्या (गाठीच्या) पेशी ऑक्सिजन हाताशी असतानाही ग्लुकोजचं भराभर लॅक्टेट करतात. या वाटेने एका ग्लुकोजमागे एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे) फक्त २ रेणू पदरात पडतात. पूर्ण ज्वलनात ३० च्या आसपास. पेशीची श्वसनयंत्रणा बिघडली असावी, असं त्यांना वाटलं. पुढे दिसलं की पुष्कळ कर्कपेशींत ती यंत्रणा चालू असते. वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेबरोबर बांधकामाचा मालही हवा असतो, आणि ग्लुकोजच्या वाटेवरचे मधले पदार्थ त्या कामी लागतात. संसर्गाशी लढायला वेगाने दुणावणाऱ्या निरोगी लसिकापेशीही (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) हेच करतात. म्हणजे विकर तेच, काम तेच, फक्त प्रमाण वाढलेलं. हेक्झोकायनेज या विकराचं उदाहरण घ्या. पेट (PET) स्कॅन या तपासणीत ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ देतात, हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेट जोडतं आणि तो पेशीत अडकून पडतो. अर्बुद उजळून दिसतं ते विकर बिघडल्यामुळे नाही, ते जोरात काम करतंय म्हणून. (मेंदूही उजळतो, तो तर मुख्यतः ग्लुकोजवरच जगतो.) ही पहिली तऱ्हा. इथे 'वाढलेलं' म्हणा.

दुसरी तऱ्हा लोपाची. सक्सिनेट डीहायड्रोजनेज किंवा फ्युमरेट हायड्रेटेज या विकरांची जनुकं निकामी झाली की काही विशिष्ट अर्बुदं होतात. इथे 'निकामी' हाच शब्द बरोबर.

तिसरी तऱ्हा सगळ्यात चमत्कारिक. काही मेंदूच्या अर्बुदांत आणि रक्ताच्या कर्करोगांत आयसोसायट्रेट डीहायड्रोजनेज (आयडीएच) या विकरात एका अमिनो आम्लाची अदलाबदल होते. त्याच्या आयडीएच-१ या प्रकारात बहुधा १३२ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतं. त्यामुळे विकर थांबत नाही, भलतंच काम करू लागतं : २-हायड्रॉक्सिग्लुटारेट तयार करतं. हा पदार्थ डीएनएवरच्या खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतो आणि पेशी पक्व होईनाशी होते. २००९ मध्ये हे उलगडलं. असाच बदल झालेल्या आयडीएच-२ या प्रकाराला रोखणारं एनासिडेनिब हे औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं. याला 'बिघडलेलं' म्हटलं तर वाचक विचारेल, बंद पडलेल्याला औषधाने आणखी काय बंद करणार? 'काम बदललेलं विकर' म्हणा.

प्रतिसाद ४

वरच्याला पूर्ण सहमती. एक पुरवणी : विकर स्वतः औषधही असतं. लहान मुलांच्या ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) अ‍ॅस्परजिनेज हे विकर देतात. ते रक्तातलं अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल संपवतं; निरोगी पेशी ते स्वतः बनवू शकतात, या ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं जमत नाही. 'विकर' या शब्दाला आजाराचा वास लागणं म्हणूनही वाईट.

'चयापचय' (मेटाबॉलिझम) शब्द असेल तर तोही जपून वापरा. लोक त्यात 'पचन' ऐकतात. तो चय + अपचय आहे, 'चि' म्हणजे गोळा करणं या धातूचा. 'पच्'शी त्याचं नातं नाही.

प्रस्तावकर्ती

'बिघडलेली' सगळीकडून काढलं. परिच्छेदानुसार वाढलेली, निकामी, काम बदललेली असे तीन शब्द घातले. त्या मुलीला घाबरवणारं वाक्य आता असं आहे : 'रक्तातील एलडीएच या एन्झाइमचे प्रमाण वाढलेले आहे. ते शरीरातील बहुतेक पेशींत असते आणि पेशींना इजा झाली की रक्तात उतरते. केवळ त्यावरून कर्करोगाचे निदान होत नाही.' उद्या तिलाच पुन्हा वाचायला देणार आहे.