दोष माहीत असूनही गाडीवरचा स्वस्त तंबू घेतलाय का? अनुभव सांगा

मंडळी, गेल्या दिवाळीआधी आम्ही गाडीच्या टपावर बसवायचा तंबू घेतला. विकणाऱ्याने फोनवरच सांगितलं होतं: शिवणींना आतून टेप नाही, चेन जड लागते, गादी पातळ आहे, म्हणून भाव कमी. तरी घेतला. लेक आठ वर्षांची आहे. चांगल्या तंबूचे पैसे साठेपर्यंत ती आमच्या कुशीत झोपायच्या वयाची राहणार नाही.

हिवाळ्यात पानशेतला दोनदा राहिलो, काही जाणवलं नाही. मेअखेरीस काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो. रतनवाडीच्या रस्त्याला एकांची परवानगी घेऊन त्यांच्या अंगणात गाडी लावली होती. रात्री दीडला वळीव कोसळला. कापडाच्या मधोमध एक थेंब आला नाही. पाणी आलं ते कोपऱ्यातल्या शिवणीतून, सुईच्या भोकांमधून, बरोबर लेकीच्या उशाशी. तिला उठवलं नाही. बायको आणि मी आळीपाळीने टॉवेल धरून बसलो. पाऊस थांबल्यावर समोरच्या झाडावर पुन्हा काजवे लुकलुकायला लागले, तेव्हा मात्र तिला उठवलं.

नंतर समजलं की पॉलीकॉटनचा नवा तंबू वापरण्याआधी पाईपने भिजवून पूर्ण वाळवायचा, असं दोन-तीनदा. धागा फुगतो आणि भोकं बुजतात. तसं केलं. शिवणींवर आतून ब्रशने पारदर्शक सीलर लावलं, एक रविवार गेला. जूनमध्ये ताम्हिणीला रात्रभर झोडपणारा पाऊस होता, आत कोरडं राहिलं.

तुम्हीही दोष माहीत असताना घेतला असेल, तर काय सुधारता आलं, काय नाही, ते लिहा. भावतावाची चर्चा नको, रात्री कशा गेल्या ते वाचायचं आहे.

कोल्हापूरहून
आमच्या तंबूचे नट सैल होतात हे घेतानाच माहीत होतं. आंबोलीच्या वाटेवर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्या पोराने हात करून थांबवलं. टपावर बघतो तर मागचा एक बोल्ट गायब आणि दुसरा हाताने फिरतोय. तंबू ५५ किलोचा आहे. सुटून त्या पोराच्या अंगावर आला असता तर, या विचाराने पुढे कितीतरी दिवस झोप लागली नाही.
साधे नट काढून सगळीकडे आतून नायलॉनची कडी असलेले नायलॉक टाकले. ८ मिलिमीटरचा बोल्ट आहे, तेराचा पाना कायम दाराच्या कप्प्यात असतो. निघाल्यावर पहिल्या ५० किलोमीटरला थांबून एकदा आवळून बघतो, घरचे कितीही कंटाळले तरी.

ठाण्याहून
मी तंबूचं बुकिंग रद्द केलं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावरचं वजन ५० किलो लिहिलंय आणि तंबू क्रॉसबारसकट (टपावरच्या आडव्या दांड्यांसकट) ६० च्या वर. ही मर्यादा चालत्या गाडीची असते, उभ्या गाडीवर टप कितीतरी जास्त पेलतो. पण तिथे पोचायचं तर घाटातूनच ना? शिवण माझ्या हातात आहे, टपाची ताकद नाही.

नागपूरहून
गादी पातळ हा दोष मला सगळ्यात किरकोळ वाटला होता. सप्टेंबरात स्पितीला गेलो. काझाला पाऊस नव्हता, तरी रोज सकाळी गादीची खालची बाजू ओली. तंबू गळतोय म्हणून नवऱ्याने प्रत्येक शिवण चाचपली. ते पाणी आमच्याच श्वासाचं होतं, खालच्या थंडगार ॲल्युमिनियमवर साचलेलं. गादीखाली जाळीदार प्लास्टिकची चटई घातली आणि खिडक्या वरून चार बोटं उघड्या ठेवायला लागलो, मग फरक पडला. वर सासूबाईंची गोधडी. त्या गोधडीने पाठ वाचवली.
एक चूक मात्र निस्तरता आली नाही. परतताना तंबू ओला बंद केला आणि सोसायटीत उघडायला जागा नाही म्हणून चार दिवस तसाच राहिला. बुरशीचे काळे ठिपके पडले. व्हिनेगरच्या पाण्याने वास गेला, डाग आहेत तसेच आहेत. पावसात जाणाऱ्यांनी तंबू कुठे वाळवणार ते आधी ठरवा.

मेलबर्नहून
मी इथे ‘सेकंड्स’मधला, म्हणजे दोष सांगून स्वस्तात विकतात त्या मालातला घेतला. बिलावरच लिहिलं होतं: चेन सदोष, कापडावर डाग. दोन सहलींनंतर बिजागरीला तडा गेला. विक्रेता म्हणाला, सदोष माल म्हणूनच दिला होता. पण इथल्या ग्राहक कायद्यात विकण्याआधी दाखवून दिलेल्या दोषावर दाद मागता येत नाही, न दाखवलेल्यावर येते. तेवढं लिहून पाठवलं, दोन्ही बिजागऱ्या बदलून मिळाल्या. माहीत असलेले दोष कागदावर लिहून घ्या. ती यादी ग्राहकाच्याही कामाची असते.
दादा, तुमची बिजागरी बघितलीत का? अर्धा तंबू गाडीच्या बाहेर तिच्यावर आणि शिडीवर तोललेला असतो, आणि त्या अर्ध्यात माणसं झोपतात.

धागाकर्ता
नव्हती बघितली. आत्ता जाऊन बघितली. डावीकडे केसाएवढी रेघ आहे. ओरखडा असेल का?

मेलबर्नहून
रेघेवर आडवं नख फिरवा. मग पेनची शाई लावून पुसून घ्या. नख अडकलं आणि शाई आत राहिली तर तडा धरा.

धागाकर्ता
नख अडकतंय. शाईही राहिली. शेजाऱ्यांच्या मदतीने तंबू खाली उतरवला, शनिवारचं गुहागर रद्द. लेकीला खरं कारण सांगितलं. विकणाऱ्याला फोटो पाठवलेत. त्याने सांगितलेल्या तीन दोषांत बिजागरी नव्हती, पण ते सगळं फोनवरचं बोलणं, माझ्याकडे लेखी काही नाही. मंडळी, ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर कोणी तक्रार नोंदवली असेल तर काय कागद लागले ते कळवा.