वियाग्राचं पेटंट संपून गेलं, मग स्वस्ताई गिऱ्हाइकापर्यंत का पोचत नाही?

गोदाकाठ
माझं म्हणणं आधीच मांडतो. या औषधाचं पेटंट आपल्याकडे आड आलंच नाही, तरीही आपल्या माणसाला ते रास्त दरात मिळत नाही.

अमेरिकेत वियाग्राला, म्हणजे सिल्डेनाफिलला, मार्च १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तिथे तेवा या दुसऱ्या कंपनीची जेनेरिक गोळी, म्हणजे तेच औषध पण मूळ ब्रँडशिवाय, यायला डिसेंबर २०१७ उजाडला. मूळ रेणूचं, म्हणजे खुद्द औषधी रसायनाचं, पेटंट २०१२ लाच संपलं होतं, पण 'ताठरतेच्या तक्रारीवर वापर' याचं वेगळं पेटंट २०२० पर्यंत चालणार होतं. त्यावर कोर्टकज्जे झाले, मग तडजोड झाली. तेवाची गोळी आली त्याच दिवशी वियाग्राची मूळ कंपनी फायझरने आपल्याच उपकंपनीकडून तीच गोळी बिनाब्रँडची, साधारण निम्म्या दरात काढली. आदल्या दिवसापर्यंत तो दर का परवडत नव्हता?

आपल्याकडे १९७० च्या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं. २००५ ला कायदा बदलेपर्यंत झायडस, रॅनबॅक्सी या आपल्याकडच्या कंपन्यांच्या गोळ्या बाजारात रुळल्या होत्या. इतकी वर्षं स्पर्धा आहे. पण मी नाशिकच्या गोळे कॉलनीत ठोक औषधांचे हिशेब बघतो. काही जेनेरिक पाकिटांवर छापलेली किंमत आणि दुकानदाराची खरेदी यात चार-पाच पट फरक असतो. तो पैसा गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो.

सातपूर_क्वालिटी
मी औषध कारखान्यात क्वालिटीला आहे. तुमचा रोख फायझरवर आहे तो पटला नाही. हे औषध इंग्लंडमधल्या सँडविचच्या प्रयोगशाळेत छातीच्या दुखण्यासाठी बनवलं होतं. त्यात ते फारसं चाललं नाही. चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला, मग कंपनीने त्यावर नव्याने चाचण्या केल्या. हा खर्च आणि हा धोका कुणी घेतला? पेटंट वीस वर्षांचं, पण ते अर्जापासून मोजतात. मान्यता मिळेपर्यंत त्यातली बरीच वर्षं उडून जातात. आपण तयार रेणू उचलतो आणि वर त्यांनाच नावं ठेवतो. उद्या कुणी नवीन औषध शोधलंच नाही तर जेनेरिक कशाचं काढणार?

गोदाकाठ
दादा, पहिल्या पेटंटवर माझी तक्रार नाहीच. त्यावर दुसरं, तिसरं चढवतात त्यावर आहे. कॅनडाचं बघा. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये फायझरविरुद्ध निकाल दिला, कारण अर्जात असंख्य रेणू सांगितले होते आणि त्यातला नेमका कोणता काम करतो ते लपवलं होतं. पेटंटचा सौदाच असा आहे की शोध उघड करा आणि त्या बदल्यात मक्तेदारी घ्या. उघडच करायचं नसेल तर मक्तेदारी कसली?

पंचवटी_मेडिकल
किमतीचं बोलता म्हणून दुकानदाराची बाजू सांगतो. हे गिऱ्हाईक रात्री उशिरा येतं. आधी बाजूला उभं राहतं, दुकानात बाई असली तर क्रोसिन घेऊन परत जातं. दुकान रिकामं झालं की नुसतं 'ते द्या' म्हणतं. नाव घेत नाही, किंमत विचारत नाही, बिल तर नकोच. पाकीट खिशात घालून गाडीला किक. बीपीच्या गोळीला हाच माणूस दोन दुकानं फिरून दर विचारतो! जिथे गिऱ्हाईक भावच करत नाही तिथे कंपन्या गिऱ्हाइकासाठी भांडत नाहीत, दुकानदारासाठी भांडतात. जास्त मार्जिन देईल त्याचा माल पुढच्या खणात. दुकानाचं भाडं, फार्मासिस्टचा पगार, मुदत संपलेला माल, हे कुठून काढायचं तेही सांगा.

डॉ_इंदिरानगर
तुम्ही सगळे दरावर बोलताय, आणि वरच्या प्रतिसादात चिठ्ठीचा उल्लेखसुद्धा नाही! हे शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. छातीच्या दुखण्यावरचं सॉर्बिट्रेट किंवा त्याच जातीचं दुसरं नायट्रेट औषध चालू असलेल्या माणसाने ही गोळी घेतली तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. दुसरी गोष्ट, ही तक्रार बऱ्याचदा हृदयविकाराच्या आधी दिसते, कारण लिंगातल्या रक्तवाहिन्या बारीक असतात आणि आधी अरुंद होतात. माझ्याकडे ही तक्रार घेऊन आलेल्या काहींची शुगर पहिल्यांदा त्याच दिवशी कळली. गोळी स्वस्त आणि हाताशी झाली की हे पेशंट तपासणीला येणारच नाहीत. मला ती स्वस्ताई नको.

मनीषा_नाशिकरोड
डॉक्टर, आत्ता तरी कुठे येतात? दवाखान्यात केस पेपर काढताना काउंटरवरची मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारते, 'काय होतंय?' माझ्या घरातला माणूस तिथे 'पित्त' म्हणाला आणि पित्ताची गोळी घेऊन आला. नंतर भिंतीवरची जाहिरात वाचून महागडं चूर्ण आणलं. असल्या 'शक्तिवर्धक' औषधांत सिल्डेनाफिलच गुपचूप मिसळलेलं सापडतं, मात्रा किती ते कुणालाच माहीत नसतं. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ५० मिलिग्रॅमची गोळी फार्मासिस्ट प्रश्न विचारून चिठ्ठीशिवाय देतो. छातीत दुखतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारूनच. आपल्याकडे ते का नको? घुसमट बायकोचीही होते, तिला तर कुणीच विचारत नाही.

डॉ_इंदिरानगर
मनीषाताई, काउंटरचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, ते आम्हीच बदलायला हवं. पण ब्रिटनचा फार्मासिस्ट स्वतः समोर असतो. आपल्याकडे कित्येक दुकानांत परवाना एकाचा आणि काउंटरवर दुसराच. त्याने सॉर्बिट्रेटचं विचारलं नाही तर जबाबदार कोण?

पंचवटी_मेडिकल
साहेब, मी स्वतः काउंटरवर असतो आणि विचारतोही. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. अडचण अशी की मी विचारलं की तो 'मित्रासाठी नेतोय' म्हणतो.

गोदाकाठ
डॉक्टर, निदान चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहा. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तसा नियम काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. नियम नसला तरी लिहायला कुणी अडवलंय का? नाव कळलं की माणूस निदान दोन पाकिटांची किंमत ताडून बघेल.

डॉ_इंदिरानगर
नाव लिहिलं की कंपनी कोण ठरवणार? दुकानदार. म्हणजे वर पंचवटीवाले म्हणाले तोच पुढचा खण. दर्जाची खात्री असलेला ब्रँड मी लिहितो, ते पेशंटसाठीच.

सातपूर_क्वालिटी
दर्जाच्या मुद्द्यावर मी गोदाकाठांच्या बाजूने आहे, डॉक्टर. आमच्याकडे एकाच बॅचच्या गोळ्या दोन वेगळ्या ब्रँडच्या पाकिटांत जातात, आणि दोन्हींवरची किंमत वेगळी असते.